सरकी बाजूला, रुई बाजूला

आमच्या नांदगाव पेठेतल्या देवळाच्या ॲम्प्लिफायरला चित्र कळत नाही. मागच्या काकड्याला मोबाइलवर खंजिरी भजनाचं सव्वा तासाचं चित्रीकरण झालं होतं. ते सकाळी भोंग्यावर लावायचं ठरलं आणि काम माझ्याकडे आलं. मी फायलीच्या नावाचं शेपूट बदललं. एमपी४ होतं तिथं एमपी३ लिहिलं, माझ्या मोबाइलवर वाजवून पाहिलं, वाजलं, आणि पेन ड्राइव्ह खिशात घालून देवळात गेलो. ॲम्प्लिफायरने दोन आडव्या रेघा दाखवल्या आणि पुढच्या गाण्यावर उडी मारली. मंडळातल्या एका पोट्ट्यानं विचारलं, "काहून हो काका, आवाज काढला का नुसतं नाव बदललं?"

नुसतं नाव बदललं होतं. मोबाइल हुशार असतो. तो नावाकडे न बघता फाइल उघडून आत काय आहे ते तपासतो, म्हणून त्याच्यावर वाजलं. ॲम्प्लिफायरमधली साधी चिप तेवढं करत नाही. तिला खरोखरचा एमपी३ लागतो.

एमपी४ हा चित्राचाही प्रकार नाही आणि आवाजाचाही नाही. तो बोरा आहे. एमकेव्ही, एव्हीआय, एमओव्ही, वेबएम हेही बोरेच. आत चित्राचा एक प्रवाह असतो, बहुधा एच.२६४ किंवा एच.२६५ या पद्धतीने दाबलेला, आणि आवाजाचा दुसरा, मोबाइलच्या बाबतीत जवळजवळ नेहमी एएसी या पद्धतीचा. दोन्हींचे छोटे छोटे तुकडे एकाआड एक भरलेले असतात, म्हणजे फाइल वाचता वाचता ओठ आणि शब्द बरोबर चालतात. कापसाच्या गावातल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. बोंडातून वेचलेल्या कापसात सरकी आणि रुई एकत्रच असते. जिनिंगमध्ये ती वेगळी होते. व्हिडिओतून आवाज काढणं म्हणजे हे जिनिंग: चित्राचे तुकडे एका बाजूला, आवाजाचे दुसऱ्या बाजूला ओळीने. रुईला काही करायचं नाही, फक्त सोडवायची.

फरक एवढाच की कापसात रुईचा हिस्सा साधारण एक तृतीयांश असतो आणि व्हिडिओत आवाजाचा एक टक्कासुद्धा भरत नाही. मोबाइलवर फुल एचडी चित्रीकरण सेकंदाला १७ मेगाबिटच्या आसपास जागा खातं. म्हणजे सव्वा तासाचे साडेनऊ जीबी. त्याच सव्वा तासाचा आवाज १२८ किलोबिटने धरला तर ७२ एमबी. उरलेलं सगळं चित्र, आणि त्यातही निम्मा वेळ समोरच्या माणसाची टोपी.

आता सॉफ्टवेअर निवडायचं म्हटलं की लोक मेनू किती सुंदर आहे, किती प्रकार निघतात, फुकट आहे का, एवढं विचारतात. मी आधी एकच विचारतो: हे सॉफ्टवेअर नुसतं जिनिंग करतं की लगेच सूतही कातून देतं? बाजारातली बहुतेक 'व्हिडिओ टू एमपी३' नावाची सॉफ्टवेअरं दुसरं करतात. आतला एएसी आवाज ती आधी उलगडतात आणि मग एमपी३ म्हणून नव्याने दाबतात. एएसी आणि एमपी३ दोन्ही पद्धती कानाला कमी जाणवेल असा भाग टाकून देऊन जागा वाचवतात. एकदा टाकलेलं परत येत नाही. दुसऱ्यांदा दाबलं की आणखी टाकलं जातं, तिसऱ्यांदा आणखी. एकदा कातलेल्या सुताची पुन्हा रुई होत नाही.

याचं आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण देतो. गाडगेबाबा शेंडगावचे. त्यांचं अखेरच्या दिवसांतलं एक कीर्तन नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत वांद्र्याला ध्वनिमुद्रित झालं. पुढच्याच महिन्यात, २० डिसेंबरला, वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात बाबा गेले. म्हणून त्या मुद्रणाचं मोल मोठं. ते मुळात निव्वळ आवाज होतं, चित्र नव्हतंच. पण आज ते बहुतेकांपर्यंत व्हिडिओ म्हणून पोचतं. पडद्यावर खापराचा तुकडा आणि चिंध्यांचा अंगरखा घातलेल्या बाबांचं एक स्थिर छायाचित्र, मागे कीर्तन. आवाज चढवायला व्हिडिओची जागाच सोयीची, म्हणून आवाजाला चित्राचा सदरा घातला. मग कुणीतरी त्यातून एमपी३ काढतो, दुसरा त्या एमपी३ला वेगळं छायाचित्र लावून पुन्हा व्हिडिओ करतो, तिसरा त्यातून पुन्हा एमपी३ काढतो. प्रत्येक फेरीत बाबांच्या प्रश्नाला गर्दीने एका सुरात दिलेलं उत्तर थोडं आणखी पाण्याखाली जातं. ही सगळी हानी टेपची किंवा काळाची समजू नका. तिच्यातला काही भाग आपल्या सॉफ्टवेअर निवडीचा आहे.

खंजिरीच्या बाबतीत तर कान लावला की लगेच कळतं. तुकडोजी महाराजांनी आमच्या भागाला खंजिरी दिली. महाराजांचं जन्मगाव यावली इथून जवळच, आणि त्यांनी १९३५ मध्ये उभा केलेला गुरुकुंज आश्रम आमच्या नागपूर महामार्गावर पुढे मोझरीला. त्यामुळे आमच्याकडच्या मुद्रणात खंजिरी नाही असं क्वचितच होतं. आता एमपी३ आवाज सलग घेत नाही, छोट्या तुकड्यांनी घेतो. ४४.१ किलोहर्ट्झवर एक तुकडा सुमारे २६ मिलिसेकंदांचा. खंजिरीवर थाप पडते आणि झांजा अचानक वाजतात. ती थाप तुकड्याच्या शेवटी आली तर दाबताना झालेली चूक अख्ख्या तुकड्यावर पसरते, म्हणजे थापेच्या आधीच हलकी 'फस्स' ऐकू येते. चांगली सॉफ्टवेअरं अशा जागी तुकडे बारीक करतात, पण बिटदर, म्हणजे सेकंदाला मिळणारे बिट, कमी असेल तर तेवढ्याने भागत नाही. युरोपातल्या प्रसारकांनी आवाजाच्या चाचणीसाठी १९८८ मध्ये जी तबकडी काढली तिच्यात कॅस्टानेट हे लाकडी टिपरीसारखं वाद्य मुद्दाम घेतलं होतं, कारण असा टणक, तुटक आवाज दाबणीची परीक्षा घेतो. एमपी३ घडवणारे जर्मन संशोधक कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग यांनी मात्र आपली पद्धत तासून घ्यायला सुझान वेगा यांचं वाद्यांविना गायलेलं 'टॉम्स डायनर' वापरलं होतं. एकट्या माणसाच्या गळ्यावर त्यांनी पुष्कळ घाम गाळला. खंजिरी त्यांच्या खोलीत वाजली असती तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनात उगाच येतो.

तर माझ्या संगणकावर काय आहे ते सांगतो.

एफएफएमपेग. फ्रेंच संगणकतज्ज्ञ फाब्रिस बेलार यांनी २००० मध्ये सुरू केलेलं, फुकट, आणि त्याला खिडकी नाही, बटणं नाहीत. काळ्या पडद्यावर आज्ञा लिहावी लागते. लोक इथेच घाबरतात. पण आज्ञेत चारच गोष्टी असतात: मूळ फायलीचं नाव, 'चित्र नको', 'आवाज आहे तसाच उतरव', आणि नव्या फायलीचं नाव. एकदा कागदावर लिहून भिंतीला चिकटवली की झालं. साडेनऊ जीबीच्या फायलीतून आवाज काढायला त्याला मोजकी मिनिटं पुरतात, कारण तो काही मोजत-दाबत नाही, नुसता वेचतो. हार्ड डिस्कला वाचायला जेवढा वेळ लागेल तेवढाच. निघते ती एम४ए नावाची फाइल, आतला आवाज मूळचा, एक बिटही इकडे तिकडे नाही. गंमत अशी की पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या कितीतरी कन्व्हर्टरांच्या पोटात हाच एफएफएमपेग बसलेला असतो. आपण पैसे बटणांचे देतो. बटणं हवीच असतील तर लॉसलेसकट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. तेही पोटातल्या एफएफएमपेगवरच चालतं, आणि मधलाच एक अभंग कापून काढायचा असेल तर पुन्हा न दाबता कापून देतं. एएसीचा तुकडा ४८ किलोहर्ट्झवर २१ मिलिसेकंदांचा असतो, त्यामुळे कात्री तेवढ्या अंतराने सरकते. भजनाला हे पुष्कळ झालं.

व्हीएलसी बहुतेकांकडे आधीच असतो. पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये हे काम हाती घेतलं आणि २००१ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. तो व्हिडिओ दाखवणारा म्हणून माहीत आहे, पण त्याच्या 'मीडिया' मेनूत 'कन्व्हर्ट' आहे. तिथं ऑडिओ एमपी३ निवडा, नाव द्या, सुरू करा. दोन गोष्टींनी माणूस गोंधळतो. एक, काम चाललं आहे असं तो नीट सांगत नाही, खालची वेळेची पट्टी सरकत राहते आणि आवाज मात्र येत नाही. बिघडलं समजून बंद करू नका. दुसरी, तयार असलेली मांडणी १२८ किलोबिटची आहे. ती मांडणी उघडून १९२ करता येते, किंवा मूळ आवाज तसाच ठेवा असं सांगणारी खूणही तिथेच आहे.

ऑडॅसिटी हे तिसरं. तेही फुकट, २००० पासूनचं, अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात जन्मलेलं. पण हे काढण्याचं हत्यार नाही, घासण्या-पुसण्याचं आहे. विंडोजवर एमपी४ उघडायला त्याला वेगळी एफएफएमपेगची जोडणी द्यावी लागते. शिवाय ते सगळा आवाज उलगडून ठेवतं. आमचं सव्वा तासाचं भजन त्यात पावणेदोन जीबीचं झालं आणि माझा जुना संगणक हापूहापू करायला लागला. आधी बाहेर काढा, मग लागेल तेवढाच भाग यात न्या.

मॅक वापरणाऱ्याला काहीच आणावं लागत नाही. क्विकटाइममध्ये फाइल उघडून फक्त आवाज निर्यात करायची सोय आहे. आणि मोबाइलवर नुसतं ऐकायचंच असेल, पडदा बंद करून, तर काढायचीसुद्धा गरज नाही. व्हीएलसीच्या अँड्रॉइड आवृत्तीत तोच व्हिडिओ आवाज म्हणून वाजवता येतो. इतक्या लोकांनी इतक्या वेळा मला आवाज काढून मागितला आणि निम्म्यांचं काम एवढ्यानेच झालं.

संकेतस्थळावर फाइल चढवून आवाज काढून घेणं मला पटत नाही, आणि त्याचं पहिलं कारण साधं आहे. दिवसाला दीड जीबीचा रिचार्ज असेल तर साडेनऊ जीबी चढवायला सहा दिवसांचा डेटा जाऊन सातव्यातलाही थोडा जाईल. दुसरं कारण, घरातल्या बायांचं, लेकरांचं चित्रीकरण कुठल्या यंत्रावर जाऊन पडतं हे आपल्याला दिसत नाही. मोबाइलवरची ॲप घ्यायची तर ती काय परवानग्या मागते ते बघा. आवाज काढायला फायलींची परवानगी लागते, हे समजतं. माझ्या बहिणीचा नंबर आणि मी कुठं आहे हे कशाला लागतं? आणखी एक सापळा: फुकट म्हणून उतरवलेलं सॉफ्टवेअर सगळं काम करतं, आणि शेवटी कळतं की निघालेल्या फायलीत पहिली काही मिनिटंच आहेत, बाकीचं पैसे भरल्यावर. म्हणून आधी दोन मिनिटांच्या नाही, वीस मिनिटांच्या फायलीवर चाचणी घ्या. व्हीएलसी असो की ऑडॅसिटी, उतरवताना त्या त्या मंडळींच्या स्वतःच्या संस्थळावरूनच उतरवा. शोधलं की वर जाहिरातीत येणारी हुबेहूब पानं वेगळंच काही घरात आणतात.

आता ॲम्प्लिफायरकडे परत येतो. त्याला एम४ए चालत नाही, एमपी३च लागतो. मग पुन्हा दाबावंच लागणार ना? लागणार. पण एकदाच, आणि मुळापासून. मी दोन फायली करतो. पहिली जशीच्या तशी काढलेली एम४ए, ती जपून ठेवायची. दुसरी तिच्यापासून केलेली एमपी३, ती पेन ड्राइव्हवर. उद्या कुणी मोबाइलवर ऐकायला मागितली तर पहिली द्यायची, पेन ड्राइव्हवरची नाही. भोंग्यासाठी ३२० किलोबिटचा हट्ट नको. भोंग्याला खालचा खर्ज आणि वरची झिणझिण दोन्ही नीट काढता येत नाही, आणि १२८चा आवाज ३२०मध्ये भरला म्हणून तो सुधारत नाही. लहान भांड्यातलं दूध मोठ्या भांड्यात ओतलं तर दूध वाढतं का? फक्त फाइल अडीचपट होते. भोंग्यासाठी दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करून एकेरी करणं मात्र फायद्याचं. लग्नाच्या किंवा कीर्तनाच्या चित्रीकरणात कधी डाव्या बाजूला मिक्सरचा आवाज असतो आणि उजव्या बाजूला कॅमेऱ्याच्या माइकचा. ॲम्प्लिफायरने एकच बाजू उचलली तर बुवा ऐकू येतात आणि टाळ नाही, किंवा उलट. एकेरी करण्याआधी दोन्ही बाजू वेगळ्या ऐकून घ्या, एक अगदीच खराब असेल तरच दुसरी एकटी ठेवा.

घरातल्या जुन्या तबकड्यांचं थोडं वेगळं आहे. व्हीसीडीमध्ये डॅट नावाच्या फायली असतात, आवाज एमपी२ पद्धतीचा, २२४ किलोबिट. दिसायला चित्र धुरकट, पण आवाज बरा. तो तसाच काढा. डीव्हीडीवर एक एक जीबीचे तुकडे असतात आणि आवाज बहुधा डॉल्बीच्या एसी-३ पद्धतीचा. तुकडे आधी जोडून मग काढले नाहीत तर प्रत्येक सांध्यावर धक्का बसतो. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या मोबाइलवरच्या थ्रीजीपी फायलींबद्दल वाईट सांगायचं तर त्यातला आवाज फोनवर बोलण्यापुरताच पकडलेला असतो, सेकंदाला ८,००० नमुने. चार किलोहर्ट्झच्या वरचं त्यात काहीच नाही. आजोबांचा आवाज त्यात आहे, पण त्यांच्या हातातल्या चिपळ्यांची किणकिण नाही, आणि जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर ती काढून देणार नाही. बोऱ्यात जे भरलंच नाही ते जिनिंगमधून कसं निघेल?

त्याच न्यायाने, महामार्गावरून जाणाऱ्या ट्रकचा हॉर्न भजनात शिरला असेल तर तोही आवाजाबरोबर निघणारच. आमच्या गावाला नागपूर रस्त्याची सोबत आहे, त्यामुळे हे रोजचं. काढणाऱ्या सॉफ्टवेअरवर 'आवाज स्वच्छ करा' असं बटण दिसलं तर ते आधी बंद ठेवा. हे बटण गुणगुण कमी करतं तसं तंबोऱ्याची घुमही कमी करतं. मोझरीला महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवात दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली असते. तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी त्याच वेळी गेले. हजारो माणसं एकदम गप्प होतात. त्या मौनाच्या मुद्रणावर हे बटण दाबून बघा. त्यामागे आवाज सगळीकडे सारखा करणारी यंत्रणा असेल तर ती मौन आलं की घाबरून आवाज वाढवते, आणि कुठलं तरी पान हललं तर ते पत्र्यासारखं वाजतं. उलट गुणगुण काढणारी यंत्रणा तिथे निखळ शून्य करते, आणि ऐकणाऱ्याला वाटतं फाइल संपली. खरं मौन मोकळं नसतं. त्यात वारा असतो, एखादं लेकरू असतं, दूरची गाडी असते. मूळ फायलीत ते सगळं आहे. तसंच राहू द्या.

मंडळाला एक सूचना अशी की बाहेरून आलेलं चित्रीकरण व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून मागू नका. तिथं चित्र आणि आवाज दोन्ही पुन्हा दाबले जातात, म्हणजे आपण काढण्याआधीच एक फेरी झालेली असते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. त्याची मर्यादा २ जीबी आहे. साडेनऊ जीबी त्यात बसत नाही, पण जशीच्या तशी काढलेली ७२ एमबीची एम४ए सहज बसते. चित्रीकरण करणाऱ्यालाच आवाज काढायला शिकवलं तर सगळ्यांचं काम हलकं होतं. आणि दुसऱ्याने विकायला काढलेल्या गाण्याचा व्हिडिओ असेल तर त्यातला आवाज काढून भोंग्यावर लावणं किंवा वाटणं हा प्रताधिकाराचा प्रश्न आहे. घरी एकट्याने ऐकणं आणि चौकात वाजवणं यात कायदा फरक करतो.

शेवटी फायलीच्या नावाबद्दल. जात्यावरच्या ओव्यांचं जे मोठं काम महाराष्ट्रात हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी उभं केलं, त्यात एक लाखाहून जास्त ओव्या आहेत, आणि बर्नार बेल यांनी १९९० च्या दशकात त्यातल्या अनेकींचे आवाज डिजिटल टेपवर घेतले. आज 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या संस्थळावर ते ऐकताना ओवीबरोबर बाईचं नाव आणि गाव दिसतं. आमच्या पेन ड्राइव्हवर मात्र 'व्हिडिओ ०००४७' आणि 'नवीन ऑडिओ २' असतं. वऱ्हाडी बोलणारे, खंजिरीवर हात चालणारे जुने बुवा एकेक करून कमी होत आहेत. तेव्हा राजेहो, आवाज काढलात की त्याच वेळी फायलीच्या नावात गाव, म्हणणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहा, आणि मूळ व्हिडिओ जागेसाठी पुसायच्या आधी ती एम४ए सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा ऐकून घ्या.